मदत हवी आहे: ब्रेक पॅड बदलताना डावीकडचा पिस्टन आत जात नाहीये

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घरीच बदलायला घेतले आहेत. उजवी बाजू तासाभरात झाली, डावीकडे अडकले आहे. गाडी जॅक स्टँडवर नीट उभी आहे, मागच्या चाकांना उटी लावली आहे, त्यामुळे घाई अजिबात नाही. पण ब्रेकचा मामला आहे, अंदाजपंचे काही करायचं नाही.

लक्षणं अशी होती. बरेच दिवस ब्रेक लावला की बारीक, किंचाळल्यासारखा आवाज यायचा. पॅड संपत आला की त्याची पत्र्याची जीभ डिस्कला घासते, हे माहीत होतं. पण डाव्या चाकावर काळी भुकटी उजव्यापेक्षा खूप जास्त साचायची आणि गाडी लावल्यावर त्या रिमजवळ हात नेला तरी धग लागायची, याकडे मी लक्ष दिलं नाही.

उजवीकडचे दोन्ही पॅड सारखेच झिजलेले निघाले, ४ मिमी उरले होते. डावीकडे बाहेरचा ५ मिमी आणि आतला, म्हणजे पिस्टनच्या (पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा, जेमतेम १ मिमी! जुना पॅड मध्ये ठेवून सी क्लॅम्पने पिस्टन दाबते आहे. थोडा सरकतो आणि घट्ट होतो. उजवीकडचा हलक्या हाताने गेला होता. अजून जोर लावू का? की दोष दुसरीकडेच आहे? कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला आहे, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) भार नाही.

प्रतिसाद

जोर लावू नका. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा आणि पातळी बघा. पिस्टन आत जाताना ऑइल मागे टाकीत येतं. ती काठोकाठ भरली असेल तर ऑइल बाहेर सांडेल आणि रंगावर सांडलं तर रंग जाईल. चिंधी गुंडाळून ठेवा. मग दोन्ही गाइड पिन, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या, हाताने पुढेमागे करून बघा. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही आणि पॅड असे कमीजास्त झिजतात. पिना काढल्यात तर वरची वर आणि खालची खालीच जाऊ दे, काही गाड्यांत त्या वेगवेगळ्या असतात. ग्रीस ब्रेकसाठीचंच वापरा, साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

धागाकर्ती

टाकी भरलेली नव्हती. दोन्ही पिना बोटाने सहज फिरतात, ग्रीसही ओलं आहे.

प्रतिसाद

मग दोनच शक्यता उरतात, होज किंवा पिस्टन. ताई, एक चाचणी करा. ब्लीडर निपलला (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीत सोडा, निपल थोडं उघडा आणि मग पिस्टन दाबा. आता सहज गेला तर होज आतून सुजून बंद झालाय, ऑइल मागे जाऊ देत नाही. तरीही घट्टच राहिला तर पिस्टन जाम आहे. पाना सहा कोनी घ्या, उघड्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोन जातात. आणि पिस्टनभोवतीचं रबर टॉर्च लावून सगळीकडून बघा.

धागाकर्ती

सापडलं. निपल उघडूनही तितकाच घट्ट. रबराला खालच्या बाजूला नखाएवढी चीर आहे. ती बाजूला केली तर पिस्टनवर गंजाचे तपकिरी खड्डे दिसले, बोट फिरवलं की खरखर लागते. म्हणजे ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे येतच नव्हता आणि आतला पॅड सतत घासत होता. धग आणि भुकटी त्याचीच. आता पॉलिश पेपरने घासून चालेल का?

प्रतिसाद

नाही. खड्डे राहिले की ते आतल्या सीलला फाडतात, मग ऑइल गळतं. कॅलिपर बदला. होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवे घ्या, जुने दाबलेले असतात. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही मोजून घ्या.

धागाकर्ती

नवा कॅलिपर बसवला. डिस्क किमान जाडीच्या वर आहे, राहू दिली. हवा काढायला भावाला पेडलवर बसवलं. तो दाबून धरायचा, मी निपल उघडून बंद करायची आणि ‘सोड’ म्हटल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही. पहिल्या तीन वेळा नळीत बुडबुडेच बुडबुडे, मग स्वच्छ धार आली. टाकी मात्र सारखी भरत राहावी लागते, रिकामी झाली तर हवा पुन्हा आत.

चाकं बसवून गाडी हलवायच्या आधी पेडल दाबला तर तो सरळ खाली गेला आणि माझ्या पोटात गोळा आला. चारपाच वेळा दाबल्यावर कडक झाला. पॅड आणि डिस्क यांच्यातली जागा भरून निघेपर्यंत असं होतंच, पण हे गाडी उभी असतानाच करायला हवं.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमीवरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठदहा वेळा वेग कमी केला, मध्ये थोडं गार होऊ दिलं. परत येऊन दोन्ही रिमजवळ हात धरला. दोन्हीकडे सारखीच ऊब आहे.