मदत हवी आहे: कचेरीच्या आवारात पार्किंग किती धरायचं आणि फाटक कुठे ठेवायचं?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावात जुन्या कचेरीच्या आवारात नवी प्रशासकीय इमारत व्हायची आहे. तहसील, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, उपकोषागार, कृषी अशी आज गावभर विखुरलेली कार्यालयं एका छपराखाली येणार. आराखडा आमच्या ऑफिसकडे आहे आणि पार्किंग-रस्त्यांचा भाग माझ्या गळ्यात पडलाय. घरांचे प्लॅन ढिगाने केलेत, सरकारी आवार पहिल्यांदाच.

2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतला तक्ता लावला. कारला 2.5 बाय 5 मीटर, दुचाकीला 1 बाय 2. क्षेत्रफळावरून आकडा निघाला, नकाशात बसलाही. मग परवा जागेवर गेलो आणि सगळं मुसळ केरात.

सकाळचे साडेअकरा. चुन्याच्या पट्ट्या मारलेली जागा उन्हात अर्धी रिकामी. कडुनिंबाखाली मात्र दुचाक्या इतक्या दाटीने लावलेल्या, की एक आजोबा स्वतःची गाडी काढायला आधी दुसऱ्यांच्या चार सरकवत होते. निबंधकांच्या दाराशी तीन जीप. एका खरेदीखताला देणारे, घेणारे, साक्षीदार आणि वर ‘नुसते सोबत आलेले’. फाटकाच्या दोन्ही अंगांना अर्ज लिहिणारे, स्टॅम्पवाले, झेरॉक्स आणि चहा. मागच्या बाजूला वाळूचे जप्त केलेले हायवा (मोठे डंपर) आणि ट्रॅक्टर. एका ट्रॉलीत एरंड पुरुषभर वाढलाय. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली पकडलेली ही वाहनं दंड भरेपर्यंत हलत नाहीत, आणि माझ्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही.

अडचण तीन ठिकाणी आहे. गर्दी रोजची एकसारखी नाही. बाजाराचा दिवस, तिसऱ्या सोमवारचा, लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन आणि जूनमध्ये दाखल्यांसाठी येणारी पोरं आणि पालक, यातला कोणता दिवस धरून जागा काढायची? मतदानाच्या आदल्या दिवशी एसटी गाड्यांची रांग लागते, ती तर वेगळीच. दुसरं, फाटक एकच आहे आणि ते राज्यमार्गावर, एसटी स्टँडच्या समोर. शेजारून 7 मीटरची गल्ली जाते. आत राज्यमार्गावरून आणि बाहेर गल्लीतून, असं करावं का? गल्लीतले लोक आत्तापासूनच कुरकुरतायत. तिसरं म्हणजे बांधकाम चालू असताना कार्यालयं इथेच चालणार आहेत, त्या दोन वर्षांत गाड्या उभ्या कुठे करायच्या?

तळघराचा विषय वरिष्ठांनी काढला होता. मला पटत नाही. दहा मिनिटांच्या सातबाऱ्यासाठी कोण रॅम्प उतरेल?

ज्यांनी अशी कामं केलीत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद 1

बांधकाम खात्यातून निवृत्त झालोय, अशी दोन आवारं केली आहेत. तक्ता मंजुरीसाठी लागतो, तो पाळाच. पण खरी गरज मोजून काढा. बाजाराच्या दिवशी 10 ते 5 फाटकात बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे वेळेसकट टिपा. कोण किती वेळ थांबतं ते आपोआप निघतं. समजा तासाला 120 दुचाक्या आल्या आणि सरासरी 40 मिनिटं थांबल्या, तर एका वेळी 80 जागा लागतात. कारची एक जागा म्हणजे सहा दुचाक्या, हे साहेबांना दाखवा. नेहमीच्या बाजाराच्या दिवसावर पक्की जागा काढा. जून आणि निवडणुकीसाठी मोकळं मैदान राखा, तिथे फरसबंदीही नको.

कर्मचाऱ्यांच्या गाड्या दिवसभर हलत नाहीत, त्या मागे न्या. पुढची जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांची. अपंगांसाठीच्या जागा 3.6 मीटर रुंद ठेवा आणि दारापासून 30 मीटरच्या आत. अग्निशमन बंबाला वळायला 9 मीटर त्रिज्या लागते, तिथेच पुढे टपऱ्या बसतात, म्हणून टपरीवाल्यांना आजच नकाशात जागा द्या.

फाटक मात्र रस्त्यावर ठेवू नका, चार-पाच गाड्यांइतकं आत घ्या. पहारेकऱ्याने एक जीप थांबवली की मागची रांग राज्यमार्गावर येते, आणि तुमच्याकडे तर समोर एसटी वळते. गल्लीतून फक्त दुचाक्या बाहेर सोडा, चारचाकी नाही. कुरकुर निम्मी होईल.

आणि कडुनिंब तोडू नका. दुचाक्यांचं पार्किंग तिथेच आहे, तुम्ही नकाशात कुठेही दाखवा.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार! कर्मचारी मागे आणि लोक पुढे, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी पोर्चसमोर अधिकाऱ्यांच्या गाड्यांच्या दोन रांगा काढून ठेवल्या होत्या, त्या आज खोडल्या. येत्या बुधवारी बाजार आहे, चहाच्या टपरीवर वही घेऊन बसतो.

हायवांचं तेवढं राहिलं. मागची जागा कर्मचाऱ्यांना दिली तर ते हलवायचे कुठे? आणि पाया खोदायचाय तो नेमका त्यांच्याखालीच. लिलाव होईपर्यंत गावाबाहेरच्या सरकारी जागेत नेऊन ठेवल्याचं कुणी पाहिलंय का? कागदपत्रं कोण करतं त्याची?