'टायपी': महिन्याचे चार महिने केले, ही फसवणूक नाही का?

रानवाट:
हर्मन मेलव्हिलचं 'टायपी' हे प्रवासवर्णन परवा संपवलं आणि मन खट्टू झालं. जुलै १८४२मध्ये तो आणि त्याचा सोबती टोबी देवमाशांच्या शिकारीवरच्या 'अकुश्नेट' जहाजावरून प्रशांत महासागरातल्या नुकू हिवा बेटावर पळाले, ताईपी लोकांच्या खोऱ्यात राहिले, इतकं खरं. पण पुस्तकातला चार महिन्यांचा मुक्काम प्रत्यक्षात महिनाभराचा. तिथली तरुणी फायावे तळ्यात होडीत उभी राहून अंगावरचं वस्त्र शिडासारखं पसरते, तो प्रसंग मला फार आवडला होता. तर त्या खोऱ्यात तळंच नाही! बरीच माहिती आधीच्या प्रवाशांच्या पुस्तकांतून घेतलेली. कादंबरी म्हणून दिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. १८४६ साली हे स्वानुभव म्हणून विकलं.

दर्यासारंग:
नाही पटलं. पुस्तकात मधेच बेपत्ता होणारा टोबी पुस्तक आल्यावर अमेरिकेतल्या बफेलोत जिवंत असल्याचं कळलं आणि आपल्यापुरती हकीगत खरी असल्याचं त्याने जाहीर सांगितलं. शिवाय पोई-पोईचा प्रसंग आठवा. नीरफणसाचा आंबवलेला लगदा समोर येतो, मेलव्हिल सरळ हात घालतो, बाहेर काढतो तर बोटांना चिकट तारा लोंबताहेत आणि भोवतीची माणसं हसताहेत. मग यजमान एका बोटाने कसं खायचं ते दाखवतो. आम्ही कोकणात त्याच नीरफणसाच्या कापा करतो, त्यामुळे तो चीक मला वाचतानाच हाताला जाणवला. तिथे जेवल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

खाजणकाठ:
तुम्ही दोघं तळं आणि महिने मोजताय. मला खटकतं ते वेगळंच. ज्यांनी लंगडणाऱ्या परक्याला पाठीवर घेऊन फिरवलं, खाऊ घातलं, ती माणसं आपल्याला खाणार ही भीती लेखक शेवटपर्यंत तेवत ठेवतो. त्यावरच पुस्तक पुढे सरकतं. १८१३मध्ये अमेरिकेच्या कॅप्टन पोर्टरने याच खोऱ्यातली गावं जाळली होती. मग रानटी कोण?

दर्यासारंग:
खाजणकाठ, पोर्टरची जाळपोळ मेलव्हिलनेच पुस्तकात सांगितली आहे, आणि संतापून! १८४२मध्ये फ्रेंचांनी बेटं ताब्यात घेतली तेही. होनोलुलूत एका मिशनऱ्याची बायको गाडीत बसते आणि दोन बेटवासी ती ओढतात, चढावर ती त्यांतल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर पंख्याचा दांडा मारते. हे त्या काळी छापायला छाती लागते. अमेरिकन प्रकाशकाने त्याच वर्षी सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा मिशनऱ्यांवरची टीका वगळायला लावली. तळं मात्र राहिलं.

खाजणकाठ:
संताप मान्य. पण म्हणून नरभक्षकाची भीती कमी होत नाही. वाचकाच्या मनात शेवटी तीच उरते.

रानवाट:
चार महिन्यांबद्दल माझा राग तसाच आहे. पण आत्ता उठून माझी प्रत चाळली. गाडीतल्या बाईंचा प्रसंग त्यात नाही. म्हणजे मी कापलेलीच आवृत्ती वाचली. पूर्ण आवृत्ती मिळवते, मग बोलू.