इंग्रजी वर्गाने भागत नाही

अमेरिकेतील हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) घरांत मुले इंग्रजीत रमतात, आईवडील स्पॅनिशमध्येच राहतात आणि या अंतरातून सिगारेट, दारू अशा सवयी लागतात, म्हणून पालकांना इंग्रजी शिकवावे, असा उपाय एका प्रतिसादात सुचवला आहे; तो मला अपुरा वाटतो. अंतर खरे आहे. मायामीत क्यूबातून आलेल्या कुटुंबांसोबत १९७०च्या दशकापासून काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ होसे सापोच्निक यांनी दोन पिढ्यांच्या बदलण्याच्या वेगातील या तफावतीकडे लक्ष वेधलेच होते. पण ते भाषेपुरते नाही.

मायामी विद्यापीठात विकसित झालेल्या ‘फामिलियास उनिदास’ या कार्यक्रमात पालकांच्या गटबैठका स्पॅनिशमध्येच होतात. मुलाच्या मित्रांची, शाळेची माहिती कशी ठेवावी, अवघड विषय कसा काढावा, याचा सराव पालक आपसांत करतात आणि मग घरभेटीच्या वेळी तो मुलांसोबत प्रत्यक्षात आणतात. (उपदेश मुलांना नव्हे, मेहनत पालकांना, हे मला विशेष आवडले.) २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवीतील २६६ मुले व त्यांचे पालक होते. त्यात या कार्यक्रमाला एचआयव्ही-प्रतिबंधाच्या पालक-प्रशिक्षणाची जोड होती, तर तुलनेच्या दोन्ही गटांतील पालकांना चक्क इंग्रजीचे वर्ग दिले होते. धूम्रपानाच्या बाबतीत ‘फामिलियास उनिदास’चा गट त्या दोन्ही गटांपेक्षा सरस ठरला.