प्रभुभोजन दर रविवारी की महिन्यातून एकदा?

प्रश्न: मी प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. माझ्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, महिन्यातून एकदा असतं, सासूबाईंच्या चर्चमध्ये प्रत्येक मिस्सेत (कॅथलिक उपासनेत). त्याशिवाय त्यांना रविवार रविवारच वाटत नाही. मला मात्र महिनाभर वाट पाहून, आत्मपरीक्षण करून भाकर हातात घेतली की भरून येतं. तुमचं काय?

प्रतिसाद: ताई, फरक मुळात श्रद्धेचा आहे. कॅथलिकांसाठी भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. स्विस प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्लीसाठी ते स्मरण होतं. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला त्याचं आणि जर्मन सुधारक ल्यूथरचं याच मुद्द्यावर जमलं नाही.

प्रतिसाद: क्वचित घेतलं म्हणजे आदर वाढतो, हे मला पटत नाही. जिनिव्हातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्यालासुद्धा ते दर आठवड्याला हवं होतं. पण तिथे वर्षातून चारदाच ठरलं. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा पाळक घरी येऊन प्रभुभोजन देत. तिचं बोलणं बंद झालं होतं, तरी प्रभूच्या प्रार्थनेला ओठ हलायचे. तिला ते रोज मिळायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

प्रश्नकर्ती: वाचून डोळे भरले. या रविवारी सासूबाईंबरोबर मिस्सेला जातेय. मी प्रोटेस्टंट, त्यामुळे कम्युनियन (तिथलं प्रभुभोजन) घेता येणार नाही, मग बसूनच राहू?

प्रतिसाद: बऱ्याच चर्चमध्ये छातीवर हात आडवे धरून पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात. आधी विचारून घ्या.