जलरंग : अख्खा कागद भरतच नाही, काय करू?

नदीकाठची
सांगलीत राहते, जलरंगात काम करते. अडचण हाताची आहे की डोक्याची, ते तुम्हीच सांगा.

लेक १९९४चा. तो दुपारी झोपला की चित्र काढायचं, तेवढाच वेळ मिळायचा. नवऱ्याने रेडिओवरून भरून दिलेली साठची कॅसेट होती. एका बाजूला राग भीमपलास, दुसरीला मुलतानी. आवाज इतका बारीक ठेवायचे की गाण्यापेक्षा तंबोराच जास्त ऐकू यायचा. एक बाजू तीस मिनिटांची. ती संपली की टेपचं बटण खट्ट करून वर यायचं आणि कार्टं हमखास उठायचं. कुकरच्या शिट्टीने नाही उठायचा, पण खट्ट झालं की डोळे टक्क उघडे. म्हणून द्रुत, म्हणजे शेवटची जलद बंदिश, लागली की मी ब्रश तोंडात धरून टेपपाशी जायचे आणि बटण दाबून हळूच सोडायचे.

या हिशेबात बसणारा कागद म्हणजे पाव, ११ बाय १५ इंच. विलंबितात, म्हणजे सुरुवातीच्या संथ गाण्यात, आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात), तो वाळेस्तोवर दुपट्यांच्या घड्या, मग झाडं आणि माणसं.

आता लेक बंगळुरात, दिवस अख्खा माझा. २२ बाय ३०चा तीनशे जीएसएमचा जाड कागद बोर्डावर ताणते, डाव्या कोपऱ्यात पाव कागदाएवढं चित्र होतं आणि मी उठते. पुढे काही सुचतच नाही. असे तीन कागद गेले. किमती तुम्हाला ठाऊकच आहेत. कुणाचं झालंय असं?

ओला कागद
ब्रश कितीचा वापरता? पाव कागदाला दहा नंबर पुरतो. तोच अख्ख्यावर नेलात तर उजवी कड गाठेपर्यंत डावीकडचं वाळून डाग पडतात आणि मन उडतं. दोन इंची चपटा घ्या. बोर्ड वरच्या बाजूने जरा उचलून ठेवा, म्हणजे रंगाची ओली कड आपोआप खाली सरकते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा कपभर आधीच कालवून ठेवा, मध्येच संपला तर पुन्हा तोच जमत नाही. आणि ब्रश तोंडात नको हो! कॅडमियम असतं काही रंगांत.

चौदा महिन्यांची आई
खरं सांगू? 'दिवस अख्खा माझा' वाचून आधी रागच आला. मी ऑइल करायचे. टर्पेंटाइनच्या वासाने लेकीला खोकला येतो, म्हणून इझल गॅलरीत आणि त्यावर लंगोट वाळत घातलेत. ताई, ते बटण नेमकं कसं सोडायचात? आमच्याकडे दाराच्या कडीने उठते.

सांगेकर
ब्रशचं पटलं, पण माझा अनुभव वेगळा. मे महिन्यात गोव्यात कुर्डीला गेलो होतो, गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या गावी. साळावली धरणाने बुडवलेला गाव, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती वर येतात. ऊन असं की पाव कागदावरसुद्धा वॉश अर्ध्यात वाळायचा. मग ठरवलं, एका कागदावर एकच जोतं. सात झाली. घरी फरशीवर शेजारी-शेजारी मांडली तर सांधे कुठेच जुळेनात, तरी बायको म्हणाली, हीच भिंतीवर लाव. तुम्हीही चार पाव कागद जोडून बघा.

मिरजेचा तंबोरा
जोडाजोडी कशाला? ताई, तुमचा हात तिसाव्या मिनिटाला उठायला शिकलाय, तर उठू द्या. चहा घ्या, बाजू पालटा, परत बसा. कॅसेटला दुसरी बाजू असतेच की. फक्त फोनवरचा तंबोरा लावू नका. तो थांबत नाही, आणि त्याच्या जवारीबद्दल, म्हणजे तारांच्या झंकाराबद्दल, न बोललेलं बरं.

नदीकाठची
टेप माळ्यावरून काढला. आतला रबरी पट्टा वितळून अक्षरशः डांबर झालं होतं. दुरुस्तीवाल्याने पट्टा बदलला आणि वर 'काकू, हे आता कोण ऐकतं?' असंही विचारलं. कॅसेट चालते, मुलतानी दोन ठिकाणी चिरकते.

दोन इंची ब्रशने भीमपलासात आकाश झालं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाजू संपत आली तशी उठले आणि बटण दाबून हळूच सोडलं. घरात मी एकटी.

चौदा महिन्यांच्या आई, अंगठा सपाट ठेवायचा, नख लावायचं नाही. जोर सगळा सोडताना आवरायचा. कडीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळा. आणि तोवर ऑइल पेस्टल घ्या, त्यांना टर्पेंटाइन लागत नाही. फक्त लेकीच्या हाताला लागू देऊ नका.

खालचा उजवा कोपरा अजून पांढराच आहे. मुलतानी उद्या.