ओढ्याकाठ की उतार?

शेतीसाठी जमीन घ्यायची तर ओढ्याकाठची घ्यावी की उतारावरची, या प्रश्नावर इथे बहुतेकांचा कौल ओढ्याकाठच्या सखल जमिनीला दिसतोय: पाणी हाताशी, माती खोल. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण राहायचं घरही तिथेच बांधणार असाल तर जरा थांबा. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साठते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पिकं आधी तिथलीच करपतात. पुराचं तर विचारूच नका. बुंध्यांवर गाळाच्या रेघा किंवा कुंपणात अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते स्वतः बघा, विकणारा ते कशाला सांगेल?

अगदी माथाही नको. वारा झोडपतो, माती उथळ असते, शिवाय पाणी चढवायला दर १० मीटरला साधारण १ बार दाब लागतो, म्हणजे पंप आणि वीज आलीच. मी तरी उताराचा मधला टप्पा निवडेन. झरा घराच्या वरच्या अंगाला असेल तर सोन्याहून पिवळं!

वाटेबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. आडबाजूची जमीन पुष्कळदा स्वस्त मिळते ती वाट दुसऱ्याच्या रानातून जाते म्हणून. शेजारी बदलला की तोंडी परवानगी संपली, तेव्हा वहिवाट कागदावरच घ्या.

आणि व्यवहाराआधी एक खड्डा खणून पाण्याने भरा. जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर शोषखड्डा तिथे चालणार नाही, सांडपाण्याची वेगळी सोय करावी लागेल.