आबांच्या इकोत ‘गाठ की चीर’ असं प्रश्नचिन्ह आलंय

निपाणीची लेक
आबा 64 वर्षांचे. बारा दिवसांपूर्वी मोठा अटॅक आला, बेळगावात स्टेंट बसला. काल परत टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाच्या टोकाला ‘क्लॉट? स्नायूला चीर?’ असं लिहून दिलंय. रक्त पातळ करायची गोळी एक डॉक्टर सुरू करा म्हणतात, दुसरे एमआरआयपर्यंत थांबा म्हणतात. एवढ्या मशीनवर कळत कसं नाही?

इकोवाली, खानापूर
ताई, मी सतरा वर्षं इकोच्या खोलीत आहे. हृदयाचं टोक प्रोबच्या, म्हणजे छातीवर धरायच्या यंत्राच्या, अगदी जवळ येतं, तिथं चित्र धुकट होतं. साधा क्लॉट पोकळीत, भिंतीला चिकटून बसतो आणि त्याच्यामागं भिंतीची कड सलग दिसते. चीर असली की रक्त भिंतीच्याच थरांत शिरतं. पोकळीच्या बाजूला पातळ पडदा उरतो, तो ठोक्यागणिक हलतो. पण आत शिरलेलं रक्त गोठलं की तेही गाठीसारखंच दिसतं बघा, घोळ तिथंच होतो.

एका काकांची मी क्लॉट समजून मापंसुद्धा घेतली होती. मॅडमनी प्रोब जरा तिरका धरायला लावला, तर ‘गाठी’वर दोऱ्यासारखी रेघ थरथरताना दिसली. ती चीर होती.

एमआरआयत गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देतात. मेलेला स्नायू पांढरा उजळतो, गाठीत रक्तवाहिन्या नसतात म्हणून ती काळीच राहते. तो काळा डाग पोकळीत आहे की भिंतीच्या दोन थरांमध्ये, ते मग बघता येतं. क्लॉट असला तर पातळ करायची गोळी लागतेच, चीर असली तर तीच गोळी घात करू शकते. थांबा म्हणणारे डॉक्टर उगीच म्हणत नाहीत.

चिकोडीचा भाऊ
स्टेंटच्या गोळ्या वेगळ्या हं, त्या मनानं बंद करू नका. एमआरआयच्या त्या औषधाआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितलीय का? स्टेंटमुळं एमआरआय अडत नाही, आमच्या अण्णांचा झालाय.

निपाणीची लेक
क्रिएटिनिन 1.1 आहे. एमआरआय गुरुवारी. तिथं दम धरायला लावतात म्हणे, आबांना दहा आकडे मोजेपर्यंत धाप लागते.

इकोवाली, खानापूर
आधीच सांगून ठेवा की. दम न धरता चित्र घ्यायची पद्धतही असते. आणि छातीत परत दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर गुरुवारची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.